मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतरचा रुग्णालयीन मुक्काम : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात नव्या शस्त्रक्रियांची नोंद तपशिलाने होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण किती दिवस खाटेवर राहिला, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. रुग्णाच्या कुटुंबाच्या दृष्टीने वास्तविक हाच प्रश्न आधी येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम कसा कमी होत गेला आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दहा दिवसांची शय्या

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शस्त्रकर्मानंतर रुग्णाने उताणे निजावे, शिंक, खोकला, ढेकर व थुंकणे टाळावे आणि दर तीन दिवसांनी डोळा धुवावा, असे दहा दिवसांचे पथ्य सांगितले आहे. शलाकेने भिंग बाजूला सारण्याची ती पद्धती पुढे मागे पडली. अठराव्या शतकाच्या मध्यास झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत रूढ केली. पण पथ्य फारसे बदलले नाही. त्याचे कारण जखमेत होते. भिंग सबंध बाहेर काढण्यासाठी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्ध्या परिघाचा छेद घ्यावा लागे. नीट टाके घालण्याची सोय नसल्याने एका खोकल्यानेही तो उघडण्याची भीती असे. म्हणून विसाव्या शतकातही दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोहो बाजूंस वाळूच्या पिशव्या, अशा अवस्थेत रुग्णास आठवडा-दहा दिवस पडून राहावे लागे.

या सक्तीच्या विश्रांतीची किंमत मोठी होती. वृद्धांना न्यूमोनिया होई, लघवी अडे. दोन्ही डोळे झाकल्याने अनेकांना भ्रम होऊन ते पट्ट्या उपसून काढीत. ज्या जखमेसाठी विश्रांती, तीच अशा वेळी धोक्यात येई. बारीक सुया व टाके आल्यावर रुग्णाला लवकर उठविणे शक्य झाले. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वन्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून ते लहानशा छेदातून ओढून घेण्याची पद्धती आणली. मुक्काम घटविण्याचे श्रेय प्रशासकीय काटकसरीला देण्याची प्रथा आहे. येथे ते प्रथम छेदाच्या लांबीला द्यावे लागते.

हा प्रवाह नेत्रवैद्यकापुरता मर्यादित नाही. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतील कॅरोटिड रोहिणीवरील शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाली. तिच्यानंतर रुग्णाला अनेक दिवस ठेवून घेतले जाई. मानेतील रक्तस्राव, रक्तदाबाचे चढउतार, पक्षाघात हे धोके बहुतांशी पहिल्या काही तासांतच दिसतात, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात अमेरिकेतील अनेक रुग्णालये एका रात्रीच्या निरीक्षणावर आली. प्रश्न दोन्हीकडे एकच : धोका नेमका केव्हा प्रकट होतो, आणि त्या वेळी रुग्ण कोठे असतो?

जुन्नर-आंबेगावचा संदर्भ

भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शाळा वा धर्मशाळेत भरणारी शस्त्रक्रिया शिबिरे हे त्या काळाचे परिचित दृश्य होते. शिबिर उठले की डॉक्टरही जात. रुग्णाजवळ जाड भिंगाचा चष्मा तेवढा उरे. १९९२ पासून मदुराईच्या अरोलॅबने स्वस्त कृत्रिम भिंगे तयार केली. १९९४ ते २००२ या काळातील जागतिक बँक साहाय्यित प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता. शिबिरात तपासणी आणि रुग्णालयात शस्त्रक्रिया, अशी विभागणी याच सुमारास रुळली. बिनटाक्याच्या लहान छेदाच्या पद्धतीमुळे महागड्या यंत्राविनाही रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जाऊ लागला.

जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथील मोहन ठुसे नेत्र रुग्णालय हे या परिवर्तनाचे स्थानिक रूप होय. या कार्याशी निगडित डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. नारायणगाव पुणे-नाशिक महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. पूर्वेकडील बागायती गावांना ते सोयीचे. पण नाणेघाटाकडील वाड्या किंवा भीमाशंकरच्या अलीकडची आदिवासी गावे यांची गोष्ट वेगळी. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते गावच डिंभे जलाशयाखाली गेले; जलाशयाच्या काठाकाठाने विखुरलेल्या वस्त्यांना घोडेगाव किंवा मंचर गाठणे हाच एक प्रवास असतो.

मुक्काम कमी झाल्याचा लाभ येथे निर्विवाद आहे : रुग्णाबरोबर थांबणाऱ्या माणसाचा रोजगार बुडत नाही. तथापि डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या काही दिवसांत, म्हणजे रुग्ण घरी पोहोचल्यानंतर, उद्भवतो. वाढती वेदना, लाली आणि अंधूक होत जाणारी दृष्टी ही लक्षणे ओळखून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. पूर्वी हे परिचारिकेचे काम होते. आता ते घरातल्या माणसाकडे आले आहे. दूरच्या वाडीतील वृद्धेला आणखी एक-दोन रात्री ठेवून घेणे म्हणूनच मागासलेपण ठरत नाही. तो रस्त्याचा आणि एस.टी.च्या वेळापत्रकाचा हिशेब आहे.

‘मोतीबिंदू पिकल्यावरच काढावा’ ही समजूत जुन्या पद्धतीच्या काळातील, आणि तेव्हा ती सकारणही होती. आता ते कारण उरले नाही. तरी पश्चिम भागात आवणीच्या दिवसांत शस्त्रक्रिया टाळण्यात शहाणपण आहे. सुमारे महिनाभर दिवसातून अनेक वेळा औषधाचे थेंब घालावे लागतात, आणि ते घालणारी सून त्या दिवसांत सकाळपासून भातखाचरात असते.