बारीक बाळाची चरबी

बाळ बारीक जन्मलं की आपण त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचं खाणं टिपलं, मग त्यांची बाळं मोजली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं बाळ साडेतीन किलोचं, आपलं २.७! स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. अशी मुलं पुढे जाड झाली की मधुमेहाचा धोका वाढतो. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी जन्मली. मुलांच्या वेफर्सवर आपण ओरडतो, ते बरोबरच. पण घरातली गरोदर सून सगळ्यांत शेवटी जेवायला बसते, तेव्हा पातेल्यात भाजी उरलेली असते का?