चाकणच्या कोटाचा वारस

मराठी घरांतला मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला कीं त्याच्या हातीं साहसाची एखादी कादंबरी येते, आणि मग जेवतांनाही ती खालीं ठेवण्यास तो राजी नसतो. आम्हींही नाथमाधवांच्या स्वराज्यमालेचे भाग ग्रंथालयांतल्या झिजलेल्या प्रतींतून असेच वाचले. अलीकडे ते पुन्हां चाळतांना मनांत आलेली एक शंका वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

या कथांत घराण्याचा वारसा हा विषय वारंवार येतो. हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाला’ंत (१८९५-९७) विजापूरच्या चाकरींतील किल्लेदाराचा तरुण मुलगा बापाची वाट सोडून महाराजांकडे ओढला जातो. ऐन तारुण्यांत सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंग झालेल्या नाथमाधवांनीं (१८८२-१९२८) ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ अशी मालिकाच लिहिली. स्वतःला गड चढतां येईना, पण मुलांच्या दोन पिढ्यांना त्यांनीं गड चढविले. तळेगांव दाभाडे येथें राहून गो. नी. दांडेकरांनीं (१९१६-१९९८) ‘बया दार उघड’पासून पांच शिवकालीन कादंबऱ्या लिहिल्या. अशा पुस्तकांचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. तथापि त्यांच्या पठडींतल्या इतर अनेक गोष्टींत, हरवलेलें वतन परत मिळालें किंवा नायक थोर कुळांतला ठरला म्हणजे सारें भरून पावतें. आमची शंका आहे ती येथें. स्वराज्य खरोखर अशा वारसांवर उभें राहिलें काय?

याचें उत्तर तळेगांवाहून फारसा दूर नसलेला चाकणचा भुईकोट देतो. या कोटाचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. १६४७ त दादोजी कोंडदेव वारल्यावर त्यानें कोट महाराजांच्या स्वाधीन केला आणि महाराजांनीं त्यालाच तेथें कायम केलें. याच सुमारास पुरंदरावर उलट प्रकार घडला. तेथील किल्लेदार वारतांच बापाच्या किल्लेदारीवरून मुलांत तंटा लागला, आणि भांडणाऱ्या भावांच्या हातून गड महाराजांकडे गेला. एकीकडे वारस होते, पण गड राखण्याची एकी नव्हती. दुसरीकडे वारशाचा प्रश्नच नव्हता, आणि कोट राखला गेला.

राखला कसा, तें १६६० च्या पावसाळ्यानें दाखविलें. शाएस्तेखानानें जूनमध्यें चाकणला वेढा घातला. मोंगलांना हा मातीवरचा कोट चिमुकला वाटला असेल. पण तो ५६ दिवस झुंजला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला, तेव्हां ऑगस्टांत तो पडला. मोंगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले. फिरंगोजी खानाच्या चाकरींत न राहतां महाराजांकडे परतला, आणि कोट गमावून आलेल्या या माणसाला महाराजांनीं पुन्हां जबाबदारी दिली.

पुढें भूपाळगडावर त्याची अधिक कठीण परीक्षा झाली. १६७९ त दिलेरखानाच्या फौजेबरोबर खुद्द युवराज संभाजीराजे गडावर चालून आले. धन्याच्या पुत्रावर तोफ डागण्यास फिरंगोजीचा हात धजला नाहीं, आणि त्याबद्दल महाराजांचा रोष झाला, असें परंपरा सांगते. ही कथा शब्दशः खरी धरली नाहीं तरी तींतलें मर्म महाराजांच्या राज्यपद्धतीशीं जुळतें. एकेका गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी नेमून त्यांनीं सत्ता वांटली होती. किल्लेदारी कोणाच्या वंशाला आंदण दिली नव्हती. गड ही ठेव, वतन नव्हे.

ही चर्चा केवळ इतिहासाची नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढें भोसरी, आकुर्डी करीत कारखान्यांची रांग चाकणास भिडली. आमच्या वर्गांत त्या गांवांचीं मुलें बसतात. सातबारावरचें आजोबांचें नांव गेलें, मोबदल्याच्या पैशांची वांटणी झाली, कित्येक घरांत भाऊ भावाशीं बोलेनासा झाला. त्यांतल्याच एकानें आम्हांस विचारलें, “सर, आमच्याकडे आतां वारशाचें म्हणून उरलें काय?” त्या वेळीं आम्हांला नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुरंदरचे भाऊ मात्र आठवले.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलांना या मालिका अवश्य द्याव्यात. घराण्याचा अभिमान ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. पण पुस्तक मिटल्यावर त्यांना एकदां चाकणच्या कोटाकडे न्यावें. तटाचा बराच भाग ढांसळला आहे, भोंवतीं गांव दाटलें आहे. तेथें उभें राहून त्यांना सांगावें कीं, ज्याच्यामुळें हा कोट आपल्याला ठाऊक आहे, त्याला तो बापाकडून मिळाला नव्हता आणि मुलाला द्यावयाचाही नव्हता. आणि तरी त्यानें तो ५६ दिवस लढविला.