एका तारखेने विभागलेल्या परिचारिका : महाराष्ट्रातील निवृत्तिवेतनाचा इतिहास

१/ एक परिचारिका ३१ ऑक्टोबर २००५ रोजी शासकीय सेवेत रुजू झाली, दुसरी दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला. दोघींचे काम एकच, वेतनश्रेणी एकच, निवृत्तीचे वयही एकच. म्हातारपण मात्र निरनिराळे. पहिलीला निश्चित निवृत्तिवेतन, दुसरीला बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेली पुंजी. ही रेषा कशी आखली गेली, त्याचा हा इतिहास.

२/ या इतिहासाची दोन्ही टोके बारामती तालुक्यातील काटेवाडीत दिसतात. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तेच हे गाव. अशा गावांतील लसीकरण, बाळंतपण आणि साथींची नोंद आरोग्यसेविकांच्या खांद्यावर असते. आणि राज्याची तिजोरी दीर्घकाळ सांभाळणारे अजित पवार यांचे मूळ गावही हेच.

३/ इंग्रजी अमदानीत पेन्शन ही सरकारची मेहेरबानी मानली जाई. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच केले होते. देणारा उदार आणि घेणारा उपकृत, अशी ती व्यवस्था होती.

४/ १९८२ साली चित्र पालटले. १५ ऑगस्टपासून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम लागू झाले. १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निवृत्तिवेतन हे दान नसून हक्क असल्याचे सांगितले. ३१ मार्च १९७९ या तारखेवरून निवृत्तांमध्ये केलेला भेदही न्यायालयाने अमान्य केला.

५/ १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्यसेवेचा मोठा भाग त्यांच्याकडे गेला. गावोगाव फिरणाऱ्या सेविकेचा पगार तुटपुंजा असला, तरी पूर्ण सेवेनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम व महागाईवाढ मिळेल, हा भरवसा होता. पतीच्या निधनानंतर एकटीने घर चालवणारीला त्या भरवशाचे मोल अधिकच होते.

६/ सरकारची अडचणही खोटी नव्हती. जुन्या योजनेत वेगळा निधी साठवला जात नसे. आजच्या करातून कालच्या कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन दिले जाई. आयुर्मान वाढले, वेतन आयोग आले, बोजा वाढत गेला. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आपल्या नव्या भरतीसाठी जुनी योजना बंद केली. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने तोच मार्ग धरला.

७/ नव्या अंशदायी योजनेत कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून १० टक्के कपात होऊ लागली आणि शासनाने तेवढीच भर घालायची होती. पुढे ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली आणि शासनाचा वाटा १४ टक्के झाला. किती भरायचे हे ठरले. किती मिळणार हे ठरले नाही. नाकरा निकालाचा आधारही येथे पुरत नव्हता. तो निकाल आधीच निवृत्त झालेल्यांविषयी होता. नव्या भरतीला नवे नियम लावण्यास त्याने मनाई केली नव्हती.

८/ त्याच २००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि कंत्राटी परिचारिकांचा नवा वर्ग उभा राहिला. काम तेच, पण ना जुनी पेन्शन, ना शासकीय सेवेतील नवी. म्हणजे एका रुग्णालयात तीन प्रकारची म्हातारपणे शेजारी शेजारी काम करू लागली.

९/ डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितले, की जुनी योजना आणल्यास सुमारे १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल. उत्तर रस्त्यावर मिळाले. १४ ते २० मार्च २०२३ दरम्यान ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला. शासकीय रुग्णालयांतील परिचारिकाही त्यात उतरल्या आणि शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. हक्क मागणारीच्या पाठीमागे रुग्ण ताटकळत होता, हे या संपाचे अवघड सत्य.

१०/ शासनाने समिती नेमली. ३१ मार्च २०२३ रोजी नव्या योजनेतील कर्मचाऱ्यांना कुटुंब निवृत्तिवेतन व उपदान मिळाले. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. संपावेळी विरोधी पक्षनेते असलेले अजित पवार तोवर अर्थमंत्री झाले होते. काटेवाडीचा हा नेता एका वर्षात प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला.

११/ ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. केंद्राच्या आराखड्यात ५० टक्क्यांसाठी २५ वर्षे सेवा लागते. आता एक हिशेब. कंत्राटावर बारा वर्षे राबून ३६ व्या वर्षी कायम झालेली परिचारिका ५८ व्या वर्षी निवृत्त होईल. सेवा २२ वर्षे, म्हणजे ४४ टक्के. कंत्राटाची बारा वर्षे हिशेबात कोठेच नाहीत.

१२/ परवडण्याचा प्रश्नही तितकाच खरा आहे. २००५ साली पंचविशीत रुजू झालेली परिचारिका २०३८ मध्ये निवृत्त होईल. तिचे निवृत्तिवेतन आज महाविद्यालयात असलेली पिढी आपल्या करातून देईल, आणि वृद्धापकाळी त्याच पिढीच्या उशाशी कोणीतरी परिचारिका उभी असेल. तेव्हा वाद दया आणि तिजोरी यांच्यातला नाही. दिलेल्या शब्दाची किंमत कोणत्या पिढीने किती उचलायची, हा तो वाद आहे. आणि कंत्राटी परिचारिकेला तर असा शब्द कोणी दिलाच नव्हता.