पडदा कुणासाठी?



दिवाळीआधी घराला रंग द्यायचा ठरलं आणि पडद्यांचा विषय निघाला. सूनबाईंना खोलीत अगदी अंधार करणारे जाड पडदे हवेत, मुलगा म्हणतो पट्ट्यांचे ब्लाइंड लावू, आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, आहेत ते काय वाईट आहेत? मी दुकानातून कापडाचे नमुने घेऊन आले खरी, पण हात आधी माळ्यावरच्या जुन्या चिकाकडे गेला. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी आपल्या वर्ध्याची गोष्ट सांगते, कारण पडद्याचा विचार करायला याहून चांगलं गाव नाही.

मराठीत पडदा हा शब्द दोन कामं करतो. खिडकीवर असतो तो पडदा आणि बाईच्या तोंडावर असतो तोही पडदा. शब्द फारसीतून आला. आपल्याकडे मोठ्या घराण्यांत त्याला गोषा म्हणत. मारवाडी घरांत घुंघट, आपल्या मराठी जैन घरांत डोक्यावरचा पदर आणि माजघराच्या खिडकीला चिक. रीत वेगवेगळी असली तरी हेतू एकच: बाहेरच्याला आतली बाई दिसू नये.

हा पडदा वर्ध्यात ज्यांनी मोडला त्या जानकीदेवी बजाज. जन्म 1893 चा, जावऱ्याचा. आठव्या वर्षी जमनालालजींशी लग्न झालं आणि 1902 मध्ये त्या वर्ध्याच्या मोठ्या घरात आल्या. श्रीमंत मारवाडी घरची सून म्हणजे घुंघट, दागिने आणि चार भिंती. पुढे गांधीजींच्या विचाराने घराचं वळण बदललं. त्यांनी आधी सोनं सोडलं, 1919 च्या सुमारास पडदा सोडला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी रेशीम सोडून खादी धरली. पुढे त्या गावोगाव सभांतून बोलल्या, सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, गोसेवेचं आणि विनोबांच्या भूदान-कूपदानाचं काम केलं. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आज हे वाचताना सोपं वाटतं. पण लहानपणापासून ज्या बाईने जग कापडाच्या आडून पाहिलं, तिला शेकडो पुरुषांसमोर उघड्या तोंडाने उभं राहताना काय वाटलं असेल? सोनं सोडणं त्यापेक्षा सोपं असेल, असं मला नेहमी वाटतं.

रेशमाबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांनी रेशीम सोडलं ते स्वदेशीच्या आणि साधेपणाच्या विचाराने. आपण टाळतो ते हिंसेमुळे. कोश उकळत्या पाण्यात टाकून आतला जीव मारल्याशिवाय सलग धागा निघत नाही, आणि किलोभर रेशमाला असे हजारो कोश लागतात. पूजेला रेशमी वस्त्र नको म्हणणाऱ्या आपल्या घरात खिडकीला मात्र रेशमी झालर लावलेली मी पाहिली आहे. खिडकी सोवळ्यात नसते हे खरं, पण जीव तोच की!

आता दुसरी जागा सेवाग्राम. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावला राहायला आले. 1940 मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची झोपडी. माती, बांबू, कौलं, सगळं साहित्य आजूबाजूचं आणि बांधणारे हात गावचेच. पुढच्या वेळी जाल तेव्हा खिडक्यांकडे मुद्दाम पाहा. तिथे कापडी पडदा नाही. बांबूची जाळी आहे, आणि झाप वर उचलून टेकवायचा, की वारा आत आणि ऊन बाहेर. भिंतीला पुढे पडवीची सावली आहेच. त्या काळी सगळ्या देशाचे पुढारी जिथे येऊन बसत, तिथे लपवण्यासारखं काही नव्हतं. ऊन, पाऊस आणि धूळ अडली की झालं.

तिथेच एक पिंजरा आणि लाकडी चिमटा ठेवलेला आहे. उघड्या घरात साप यायचे. ते चिमट्याने धरून, पिंजऱ्यात घालून दूर सोडून देत. मी लहान नातवाला ते दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, "मग खिडकी बंद का नाही केली?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, जिवाच्या भीतीने घर बंद करायचं नाही आणि घरात आलेल्या जिवाला मारायचंही नाही, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र सांभाळल्या होत्या. आपल्या यत्नाचारात तरी दुसरं काय सांगितलंय?

आता आपल्या घराचं. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन जवळजवळ येतच नाही. त्रास देते ती पश्चिमेची खिडकी, दुपारी तीनपासून. आणि ऊन काचेच्या बाहेर अडवलं तरच उपयोग. काचेतून आत येऊन मग पडद्यावर पडलं, तर उष्णता खोलीतच राहते. आपल्या आज्या वाळ्याचे पडदे बाहेरून बांधत, ते उगीच नाही. माझ्या सासूबाई त्यावर शिंपडायचं पाणीही दुहेरी फडक्यातून गाळून घेत.

घड्याघड्यांचे जड पडदे मला आणखी एका कारणाने नको वाटतात. त्यात पाली, कोळी, कुंभारमाशीची मातीची घरं होतात आणि धुताना त्यांचा जीव जातो. साधं सुती कापड रोज हलक्या हाताने झटकता येतं. पावसाळ्यात मात्र दिवा लागला की किडे येतात, तिथे बारीक जाळी हवीच.

कापडासाठी लांब जायला नको. गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 ला उघडलेलं मगन संग्रहालय आपल्या गावात आहे. तिथे नैसर्गिक रंगांची खादी मिळते. विनोबांच्या ग्रामसेवा मंडळाची खादी गोपुरीला मिळते. हिशोब सांगते: चार फूट रुंद, पाच फूट उंच खिडकीला पंचेचाळीस इंच पन्ह्याचे दोन पाट घ्या, म्हणजे चुणी छान पडते. दुमड धरून एका पाटाला सहा फूट, दोन्ही मिळून पावणेचार मीटर. खादी आटते, म्हणून शिवण्याआधी रात्रभर भिजवा.

आता तो चिक. मी 1984 मध्ये या घरात आले तेव्हा तो माजघराच्या रस्त्याकडच्या खिडकीला होता. पाहुणे पुरुष आले की तो खाली सोडायचा, असा नियम. मला त्याचा फार राग होता. मी बी.कॉम. झालेली, मला कशाला हवा चिक? 1998 मध्ये रंगकामाच्या वेळी मी तो काढला आणि चकचकीत सॅटिनचे जाड मरून पडदे लावले. मला वाटलं, मी घरातला जुना पडदा मोडला.

सासूबाईंची खाट त्याच खिडकीपाशी होती. त्या काही बोलल्या नाहीत. शेवटच्या दोन वर्षांत त्या उठू शकत नव्हत्या, तेव्हा एकदा म्हणाल्या, "चिकातून देरासरात जाणाऱ्या बायका दिसायच्या गं. पाठशाळेतून सुटलेली पोरं दिसायची. आता तुझा पडदा उघडला की ऊन येतं, आणि लावला की काहीच दिसत नाही."

दिवसा आत अंधार आणि बाहेर उजेड असला की चिकातून आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की याच्या उलट. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. जो पडदा मला बंधन वाटत होता, तीच त्यांची खिडकी होती. मी विचारलंच नाही. 2006 मध्ये त्या गेल्या, त्यांच्या खिडकीला तेच मरून पडदे होते.

जानकीदेवींनी पडदा सोडला तो स्वतः. मी दुसऱ्या बाईचा पडदा तिला न विचारता बदलला. दोन्हीत फरक आहे, आणि तो कळायला मला बरीच वर्षं लागली.

म्हणून यंदा मी आधी घरातल्या प्रत्येकाला विचारलं. सूनबाईंचं काम रात्रपाळीचं, त्यांना दिवसा झोपावं लागतं. त्यांच्या खोलीला खादीच्या मागे गडद जाड अस्तर लावू. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक. बैठकीला साधी पांढरी खादी. आणि माजघरातला तो जुना चिक मी पुसून, दोऱ्या बदलून पुन्हा लावला आहे. सकाळी जाप झाला की मी तिथे जरा बसते. देरासरात जाणाऱ्या बायका दिसतात.

जय जिनेंद्र.