इन्हेलर : दम्यातील दीर्घकालीन वापर

दम्याचे औषध फवाऱ्याच्या किंवा भुकटीच्या रूपात थेट श्वासनलिकांत पोहोचवणारे उपकरण म्हणजे इन्हेलर; बोलीत ‘पंप’. मोजून फवारा देणारा पंप १९५६ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याच्या दीर्घकालीन परिणामांविषयी सरसकट विधान करता येत नाही, कारण सारख्याच दिसणाऱ्या पंपांतून दोन वेगळ्या कामांची औषधे दिली जातात. साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते. त्याचा असर चार-सहा तासांत ओसरतो आणि आतली सूज तशीच राहते. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये आलेले बेक्लोमेथासोन व नंतरचे बुडेसोनाइड ही स्टेरॉइडे ती सूजच उतरवतात. त्यांचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून धाप नसतानाही ती घेत राहावी लागतात. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती बहुधा याच रोजच्या औषधाबद्दल असते; चटकन आराम देणाऱ्या पंपावर मात्र रुग्ण निर्धास्त विसंबतो.

पुरावा नेमका याच्या विरुद्ध आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या औषधनोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइड इन्हेलरच्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळले. औषध सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते जास्त होते. नियमित औषध घेणारे मुळातच जपून राहणारे असतील, अशी शंका यावर रास्त ठरते. पण ३२ देशांतील ७,२४१ रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीला ती लागू होत नाही. तीन वर्षांच्या या चाचणीत रोज कमी मात्रेत बुडेसोनाइड घेणाऱ्यांमध्ये दम्याच्या पहिल्या गंभीर झटक्याचा धोका ४४ टक्क्यांनी घटला. उलट नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवणाऱ्याची सूज आत वाढत राहते आणि सततच्या वापराने त्या औषधाचा गुणही उणावतो. म्हणूनच २०१९ मध्ये ‘जीना’ या जागतिक दमा उपक्रमाने प्रौढांना व किशोरांना केवळ असा पंप देऊ नये, असे सांगितले.

स्टेरॉइड इन्हेलरवरचे आक्षेप निराधार मात्र नाहीत. अमेरिका व कॅनडातील १,०४१ मुलांवरील ‘कॅम्प’ चाचणीत बुडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही घट पहिल्या दोनेक वर्षांतली होती, पुढे वाढत गेली नाही. अनियंत्रित दम्याची झळही मुलाच्या वाढीला बसते. जास्त मात्रा वर्षानुवर्षे घेतल्यास मोतीबिंदू, हाडांची झीज व अधिवृक्क ग्रंथींची मंदावलेली क्रिया यांचा धोका वाढतो. पण झटक्याच्या वेळी प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांतून प्रौढाला दिवसाला साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम स्टेरॉइड दिले जाते, तर इन्हेलरमधील बुडेसोनाइडची कमी मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असली, तरी पंप टाळून वारंवार गोळ्यांवर येणारा रुग्ण स्टेरॉइड टाळत नाही, जास्तच घेतो. तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येणे व आवाज बसणे हे त्रास घशात साचलेल्या औषधाचे असतात. साध्या पंपातले बरेचसे औषध घशातच अडकते. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून फवारा घेतल्यास आणि नंतर चूळ भरून पाणी थुंकल्यास हे त्रास पुष्कळ कमी होतात.

दीर्घ वापराने दमा मुळातून जात नाही. ‘कॅम्प’मध्ये औषध थांबल्यावर लाभही टिकला नाही. यालाच काही जण ‘सवय’ म्हणतात. पण परत येतो तो दबलेला आजार, औषधाची ओढ नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यावर रक्तदाब चढतो, त्याला व्यसन म्हणत नाहीत. यातून औषध सोडण्याचा नव्हे, तर मात्रा बेताची ठेवण्याचा निष्कर्ष निघतो. साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला, की डॉक्टर ती एकेक पायरी उतरवून आजार काबूत ठेवणाऱ्या सर्वांत कमी मात्रेवर आणतात.