मद्य, मोटार आणि फौजदाराचा अधिकार

धारवाडहून हुबळीकडे जाणारा रस्ता हा पुणे-बंगळूर राजमार्गाचाच एक खंड असून, जेमतेम वीस-बावीस किलोमीटरांच्या या टप्प्यावर गेल्या शतकात कापसाच्या गाड्या, टांगे, सर्व्हिस मोटारी, मालट्रक आणि अखेरीस रात्रंदिवस न खंडणारी मोटारींची रांग, असा वाहनांचा सारा क्रम येऊन गेला; परंतु त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाचा मद्यपी इसमावर अधिकार कोणता आणि तो कोठवर चालतो, या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याच अवधीत मुळापासून अनेकदा पालटले, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नाकाबंदीच्या वेळी तोंडासमोर यंत्राची नळी धरणारा शिपाई आपल्याला इतका परिचित झाला आहे, की तो तेथे पूर्वापार उभा असावा असे वाटते. तो तसा नव्हता. किंबहुना, या जोड शहरांच्या इतिहासात एक काळ असा होता, की सरकारी पोलीस उभा असे तो दारूच्या दुकानाच्या रक्षणासाठी.

धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागात मोडत असे, आणि म्हणून पुण्यास जो कायदा लागू तोच धारवाडास लागू होता. मद्याची व्यवस्था १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने चाले. या कायद्याच्या दृष्टीने दारू ही मुख्यतः वसुलीची बाब होती. तिच्या विक्रीचे परवाने द्यावयाचे, मक्ता घेणाऱ्याकडून रक्कम खजिन्यात जमा करून घ्यावयाची, आणि विनापरवाना गाळणाऱ्यास पकडावयाचे, कारण त्यामुळे सरकारचे उत्पन्न बुडते. पिणाऱ्याविषयी कायद्याला फारसे काही म्हणावयाचे नव्हते. दंडसंहितेच्या ५१० व्या कलमान्वये मद्याच्या अमलाखाली सार्वजनिक जागी येऊन लोकांस उपद्रव देणाऱ्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद अथवा दहा रुपयांपर्यंत दंड, एवढीच काय ती तरतूद. आणि बेदरकारपणे गाडी हाकून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यासाठी २७९ वे कलम. गाडीवान पिऊन झोपला तरी बैलांना घरची वाट ठाऊक असते, अशा त्या मंद गतीच्या जगात ही दोन कलमे एकमेकांपासून दूर राहिली तरी चालण्यासारखे होते.

असहकाराच्या चळवळीत मात्र अबकारीच्या या व्यवस्थेवर नेमका घाव पडला. दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवकांनी उभे राहावे, गिऱ्हाइकास हात जोडून परत पाठवावे आणि सरकारच्या तिजोरीतील तो ओघ आटवावा, असा तो कार्यक्रम होता. काँग्रेस आणि खिलाफत या दोन्ही चळवळींचे लोक त्यात खांद्याला खांदा लावून उतरले होते. धारवाडात १ जुलै १९२१ रोजी दारूच्या दुकानापाशी जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तिघे जण प्राणास मुकले. कित्येक जखमी झाले. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांच्याच बाजूच्या लोकांवर पुढे खटले गुदरण्यात आले. शहरातील जकणी बावीपाशी या हुतात्म्यांचे स्मारक आहे. ते तिघेही मुसलमान होते आणि मद्यपानाविरुद्धच्या एका शांततामय निरोधनाच्या प्रसंगी मेले, हे धारवाडने विसरू नये असे मला फार तीव्रतेने वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनेही त्या दिवसाचे महत्त्व आहे: मद्य आणि पोलीस यांचा या नगरीतील सर्वांत मोठा प्रसंग घडला तो कोणा मद्यप्याला आवरताना घडला नाही, तो मद्यविक्रीला आवरू पाहणाऱ्यांना पांगवताना घडला.

मोटारी वाढल्या तसे कायद्याला चालकाकडे पाहणे भाग पडले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मद्याच्या किंवा मादक औषधाच्या अमलाखाली, वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ ठरण्याइतक्या अवस्थेत, मोटार चालविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. ही शब्दयोजना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. किती प्याला, याला येथे महत्त्व नाही. ताबा सुटला होता किंवा नाही, याला आहे. आणि ताबा सुटला होता हे कोर्टात शाबीत कसे करावे? फौजदाराने सांगावे की आरोपीच्या तोंडास वास येत होता, पंचांनी सांगावे की त्याचे पाय लटपटत होते, डॉक्टरांनी डोळे पाहून अभिप्राय द्यावा. आणि वकिलाने विचारावे, की वास तर खोकल्याच्या औषधालाही येतो, नाही काय?

हा शेवटचा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा मद्यनिषेध कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या राज्यात, अर्थात धारवाड जिल्ह्यातही, पूर्ण दारूबंदी आली. ज्या पोलिसाने एकोणतीस वर्षांपूर्वी दुकान राखले त्याच्याच वारसाने आता हातभट्ट्या शोधीत हिंडावयाचे होते, आणि हुबळी-धारवाडच्या बाबतीत हे काम विशेष बिकट होते, कारण लोंढ्यावरून कॅसलरॉकपर्यंत गेलेला लोहमार्ग थेट पोर्तुगीजांच्या गोव्याला जाऊन मिळत होता व तेथे मद्याला कसलीच बंदी नव्हती. पण चालकाच्या बाबतीत या कायद्याने एक विचित्र परिणाम घडवून आणला. मद्यप्राशन हाच मुळात गुन्हा ठरल्यामुळे मोटार हाकणारा मद्यपी आणि स्वतःच्या माजघरात बसलेला मद्यपी यांच्यातील भेद कायद्याच्या दृष्टीआड झाला.

याचे उत्तम उदाहरण मुंबईतील आहे. कायदा एकच असल्यामुळे ते धारवाडासही तितकेच लागू पडते. मे १९५१ मध्ये एका रात्री मुंबईत एका जीपगाडीने तीन पादचाऱ्यांना धडक दिली, आणि जीप चालविणारा इसम निघाला खुद्द प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा अधिकारी, म्हणजे इतरांना वाहन चालविण्याचे परवाने देणाऱ्या खात्यातला. डॉक्टरांनी त्यास तपासले. श्वासास मद्याचा वास होता, डोळे लाल होते, बाहुल्या अर्धवट विस्फारलेल्या पण प्रकाशास प्रतिसाद देणाऱ्या. उलट बोलणे सुसंगत होते आणि त्यास सरळ रेषेवरून चालता येत होते. आरोपीची कैफियत अशी, की आपण मद्य घेतलेच नाही, मद्यार्क असलेले एक शक्तिवर्धक औषध तेवढे घेतले. खालच्या कोर्टाने त्यास सोडले, उच्च न्यायालयाने मद्यनिषेधाच्या कलमाखाली एक महिन्याची सक्तमजुरी व पाचशे रुपये दंड दिला, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण औषधी मद्यार्कावरील बंदी त्याच न्यायालयाने १९५१ मध्ये घटनाबाह्य ठरविली असल्यामुळे, पोटात गेलेले मद्य निषिद्ध जातीचेच होते हे सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर होता, व तो त्याने पेलला नव्हता. घटनाशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय मोठ्या योग्यतेचा आहे याविषयी शंका नाही. परंतु रस्त्यावर पडलेल्या त्या तीन माणसांच्या बाजूने पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. वाद शेवटी उरला तो बाटलीतील द्रव्य कोणत्या वर्गातले यावर, आणि सुकाणूवरचा हात स्थिर होता काय, ही गोष्ट त्या वादात कोठल्या कोठे मागे पडली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. १९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. आणि १९६७ मध्ये म्हैसूर राज्याने दारूबंदी उठविली. योगायोग असा, की त्याच १९६७ साली ब्रिटनने रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे ऐंशी मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा ठरवून, रस्त्यावर श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांस दिला. तेथे पिण्याची मोकळीक आणि वाहन चालविण्याची बंदी या दोन गोष्टी तोलून धरण्यासाठी एक आकडा हाती आला होता. इकडे मोकळीक तर आली, पण आकडा आला नाही. धारवाडचा फौजदार पुढेही दीर्घकाळ नाकाने वास घेऊन आणि पावलांकडे पाहूनच गुन्हा नोंदवीत राहिला.

तो आकडा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही प्रथम दिला नव्हता. १८५ व्या कलमाच्या मूळ रूपात चालकाच्या रक्तात मद्य कितीही अल्प प्रमाणात आढळले तरी गुन्हा, अशी कठोर भाषा होती. १९९४ च्या दुरुस्तीने तेथे तीस मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि श्वास तपासणारे यंत्र कलमाच्या शब्दांतच येऊन बसले. या कायद्याने पोलिसांस दिलेले अधिकार बारकाईने वाचावेत. गणवेशातील अधिकाऱ्यास वाजवी संशय आल्यास तो श्वासाची चाचणी घेऊ शकतो. चाचणीत मद्य दिसल्यास वॉरंटाविना अटक करू शकतो. चालकास अटक झाल्यावर वाहनाची योग्य ती तात्पुरती व्यवस्था करू शकतो. मात्र अटक केलेल्या इसमाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्याकडून तपासणी झालीच पाहिजे, न झाल्यास त्यास सोडून दिले पाहिजे. अधिकार देतानाच त्याला घड्याळ लावून ठेवणारी ही तरतूद मला कायद्यातील सर्वांत शहाणी वाटते.

तरीही एक पोकळी राहिली होती. पकडलेला चालक जामिनावर सुटे, आणि त्याचा परवाना सहसा कोर्टाच्या निकालापर्यंत शाबूत राही. सारांश, शनिवारी रात्री पकडला गेलेला इसम सोमवारी सकाळी पुन्हा चाकामागे बसू शके. पोलिसाने परवाना काढून घेतला, तरी त्याच्या बदल्यात देण्यात येणाऱ्या पोचपावतीवर, परवाना परत मिळेपर्यंत किंवा ठरल्या तारखेपर्यंत, वाहन चालविता येत असे. २०१९ च्या दुरुस्तीने २०६ व्या कलमास चौथे पोटकलम जोडले आणि ही पोकळी बुजविली. आता मद्याच्या अमलाखाली वाहन चालविण्याचा गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल, तर पोलीस अधिकाऱ्याने परवाना जप्त करून तो अपात्रतेच्या कारवाईसाठी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा. पावती तर द्यावयाचीच, पण या पावतीवर, परवाना परत मिळेपर्यंत, वाहन चालविण्याचा हक्क राहात नाही. दंडाची रक्कम दोन हजारांवरून दहा हजारांवर गेली याचा त्या वेळी गाजावाजा पुष्कळ झाला. माझ्या मते खरा पालट झाला तो या पावतीत. कागदाचा तोच चिटोरा, पूर्वी मुभा देणारा, आता मनाई करणारा झाला, आणि धारवाडच्या फौजदारास चालकाला जागच्या जागी वाहन चालविण्यास मनाई करण्याचा अधिकार प्रथमच स्पष्ट शब्दांत मिळाला.

असा अधिकार जगात नवा नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१० मध्ये तो फार पुढे नेला: यंत्राने पन्नास मिलिग्रॅमची सूचना दिली की तीन, सात किंवा तीस दिवस, आणि ऐंशीच्या वर गेले की नव्वद दिवस, चालकास तेथल्या तेथे बंदी. अपघाती मृत्यू तेथे घटले. पण यंत्र चुकले तर दाद मागावयाची कोठे, हा प्रश्न कोर्टात गेला. प्रांताने २०१२ मध्ये योजना सुधारली आणि २०१५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की बंदी घालण्याचा अधिकार प्रांताला आहे, परंतु यंत्राच्या निष्कर्षाची खरीखुरी फेरतपासणी करण्याची सोय नसलेली मूळ योजना घटनेला धरून नव्हती.

आपल्याकडे अपात्रतेचा हुकूम पोलीस काढीत नाही. तो १९ व्या कलमाखाली परवाना देणारा अधिकारी काढतो, आणि त्यापूर्वी संबंधित इसमाचे म्हणणे ऐकून घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हातास धरून थांबविणारा एक आणि न्याय करणारा दुसरा, ही विभागणी मला पूर्णतः मान्य आहे. रात्री अकरा वाजता बायपासवर ट्रक हाकीत निघालेल्या मद्यप्याला थांबविण्यासाठी सुनावणीची वाट पाहणे म्हणजे समोरून येणाऱ्या निरपराध कुटुंबाला त्या सुनावणीची किंमत मोजावयास लावणे होय. परंतु ज्या कायद्याने वैद्यकीय तपासणीस दोन तासांची मुदत घातली, त्याने जप्त केलेला परवाना दप्तरात किती दिवस पडून राहावा याची मुदत त्या पोटकलमात घातलेली नाही. ज्याची रोजची भाकरी चाकावर चालते अशा रिक्षावाल्याला किंवा ट्रकचालकाला ही उणीव फार जाचणारी आहे, आणि ती भरून काढणे राज्याच्या परिवहन खात्याच्या आवाक्यातले आहे.

दुसरी उणीव अधिक गहन आहे. मद्यासाठी आकडा सापडला. मादक द्रव्यांसाठी कायदा अजून १९३९ च्याच भाषेत बोलतो, म्हणजे योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ ठरण्याइतका अंमल. गांजा ओढून किंवा गुंगीच्या गोळ्या घेऊन निघालेला चालक श्वासाच्या यंत्रापुढे निर्दोष ठरतो. हुबळी-धारवाडच्या नाक्यावरील अधिकाऱ्यास अशा इसमाबाबत आजही डॉक्टरांकडेच जावे लागते, आणि डॉक्टरांना तेच पाहावे लागते जे १९५१ साली मुंबईत त्या परिवहन अधिकाऱ्याच्या बाबतीत पाहिले गेले: बाहुल्या, बोलणे, आणि सरळ रेषेवरची चाल.