तळापासून वजन उचलण्याची पद्धत

बारबेलचे बहुतेक व्यायाम वरून खाली सुरू होतात. बैठकीत आणि बेंचप्रेसमध्ये वजन आधी खाली आणले जाते व मग वर ढकलले जाते. याउलट, वजन सर्वांत खालच्या बिंदूवर पूर्ण स्थिर ठेवून तेथूनच उचल सुरू केली, तर ती तळारंभाची उचल होय. डेडलिफ्ट हा या प्रकाराचा सर्वपरिचित नमुना आहे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. वाडीसह जुन्या वडोदऱ्यातील मराठी वस्तीत तालमींची परंपरा दीर्घ आहे. जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी ती नावारूपाला आणली. ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा मराठीतील बहुखंडी ग्रंथही द. चिं. मुजुमदार यांनी याच शहरात संपादित केला. तेथील सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक शिळा जतन केलेली आहे. सुमारे १,२०० किलो वजनाची ही शिळा २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने उचलली, असे सांगितले जाते. २०२० साली आइसलँडच्या हाफथोर ब्योर्नसन याने डेडलिफ्टमध्ये ५०१ किलो उचलले, हे पाहता ही आख्यायिका जपूनच स्वीकारावी लागते. तथापि, दगड वा नाल उचलण्याची सुरुवात नेहमी जमिनीवरूनच होते, हे निर्विवाद.

या पद्धतीमागील कारण स्नायूंच्या रचनेत आहे. वजन खाली येताना स्नायू व स्नायुबंध ताणले जातात आणि वर जाताना तो ताण उसळीसारखा मदतीस येतो. जलद मारलेल्या जोर-बैठकांची लय याच उसळीवर चालते. खाली थांबल्यास ही मदत ओसरते: बेंचप्रेसवरील अभ्यासात सुमारे एका सेकंदात ती जवळपास निम्मी आणि चार सेकंदांत बहुतांशी नाहीशी होते, असे आढळले. म्हणून तळारंभात त्याच माणसाला कमी वजन पेलते; मात्र सर्वांत अवघड कोनातील निखळ ताकद वाढते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील सुवर्णविजेता अमेरिकन पॉल अँडरसन याच्या नावाने तळारंभाची बैठक आजही ओळखली जाते.

सरावासाठी रॅकमधील आडवे सुरक्षा-दांडे इच्छित खोलीवर बसवावेत व बारबेल त्यांवर टेकवावी. तिच्याखाली शिरून पाठ सरळ ठेवावी, श्वास भरून पोट घट्ट करावे आणि झटका न देता उचलावे. प्रत्येक आवृत्तीनंतर वजन दांड्यांवर पूर्ण टेकवून क्षणभर थांबावे. आपटून उसळी घेतल्यास व्यायामाचा हेतूच नष्ट होतो. सुरुवात नेहमीच्या वजनापेक्षा बऱ्याच हलक्या भाराने, एक ते तीन आवृत्त्यांच्या मोजक्या फेऱ्यांनी करावी.

एकट्याने व्यायाम करणाऱ्यास याचा मोठा लाभ असा, की उचल फसली तरी भार दांड्यांवरच राहतो. छातीवर वा मानेवर कोसळत नाही. परंतु खालच्या स्थितीत कंबर गोल होत असेल, तर दांडे वर घ्यावेत आणि लवचिकता वाढल्यावरच क्रमाने खाली आणावेत. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा प्रकार करू नये. ही पद्धत नेहमीच्या बैठकीची जागा घेत नाही. तिच्यातील उणीव मात्र दाखवून देते.